बारा देशांचे निखारे

"यातलं एक. आत्ता सांग, मेनूकार्डाचा प्रिंटिंगवाला फोनची वाट बघतोय," विश्वजितशेठ म्हणाले आणि त्यांनी दोन्ही पुस्तकं प्रीतमपुढे सरकवली.

उलव्यातल्या त्या हॉटेलात दुपारची गिऱ्हाईकं नुकतीच उठली होती. जवळच नवा विमानतळ सुरू झाला आणि शेठच्या डोक्यात जग शिरलं. आता नुसत्या टिक्का-कबाबावर भागणार नव्हतं. मेनूकार्डावर बारा देशांचं भाजलेलं मांस हवं होतं. त्यासाठी त्यांनी पाककृतींची दोन इंग्रजी पुस्तकं मागवली होती. शेगडी प्रीतम सांभाळतो, तेव्हा पुस्तकही त्यानेच निवडायचं, असा शेठचा न्याय होता.

प्रीतम बारावी शिकलेला. इंग्रजी सावकाश वाचायचा, पण वाचायचा. दोन दिवसांत त्याने दोन्ही पुस्तकं चाळली होती. एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, पानापानावर ज्वाळा. अर्जेंटिनातली अख्खी बरगडी, जपानी काड्यांवरची कोंबडी, तुर्की कबाब. आणि प्रत्येक कृतीत तेच: कांद्याचा वास गोडसर आला की उलटा, चरबीचा सुगंध सुटेपर्यंत थांबा, धूर कडवट वाटला की उतरवा. दुसरं नुसतं चोपडं. फोटो जवळजवळ नाहीत. इतकी मिनिटं, इतके अंश, मांसात थर्मामीटरची सुई खुपसा, आकडा बघा, काढा.

प्रीतमला वास येत नव्हता. पाच वर्षांपूर्वी करोनाचा ताप उतरला तो वास घेऊनच. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. तो काही आला नाही. ही गोष्ट त्याची बायको अक्षता सोडली तर कुणालाच माहीत नव्हती. भाजणाऱ्यालाच वास येत नाही म्हटल्यावर त्याला कामावर कोण ठेवणार? मग तो घड्याळावर भाजायचा. निखाऱ्यावर चरबी पडल्याचा आवाज ऐकायचा, बोटाने दाबून बघायचा. मालाची जरा शंका आली की सरळ टाकून द्यायचा. निभत होतं.

भीती एकट्या शेठची होती. ते रोज संध्याकाळी शेगडीपाशी येऊन उभे राहायचे, डोळे मिटून लांब श्वास ओढायचे आणि 'वा' म्हणायचे. तेवढा वेळ प्रीतमचा जीव मुठीत असायचा. एक दिवस हा माणूस डोळे उघडेल आणि विचारेल, काय रे, करपलेलं कळत नाही तुला?

त्याने चोपड्यावर बोट ठेवलं.

"ह्ये?" शेठनी ते उलटंपालटं करून बघितलं. "येडा झाला काय? ह्यात फोटोपन नाय."

"मापं बरोबर आहेत, शेठ. पदार्थ नवीन, चुका नकोत."

"एकवीस वर्षं कोलसा फुंकतोस आनि तुला सुई खुपसून मटन भाजायचंय?" शेठनी जाडं पुस्तक त्याच्यापुढे आपटलं. "वासावर चालनारा मानूस तू. तुझ्यासाठी मुद्दाम मागवलं मी ह्ये."

प्रीतमला खरं कारण सांगता येत नव्हतं आणि खोटं सापडत नव्हतं. शेठ मग उठले, आत गेले आणि फ्रीजमधला चिकनचा डबा घेऊन आले.

"पुस्तकाचं राहू दे. आधी ह्ये सांग. सकाळी तीन तास लाइट नव्हती. संध्याकाळी बारशाची साठ मानसं हायेत, पोरंबालं हायेत. घ्यायचं का टाकायचं?"

डबा त्यांनी हात लांब करून त्याच्या नाकापुढे धरला. माल आला की ते नेहमी असाच धरायचे.

प्रीतम वाकला. श्वास ओढला. नाकात गार हवा गेली, बाकी काही नाही. 'टाका' म्हणणं सोपं होतं. पाच वर्षं तो तेच म्हणत आला होता. पण आज सुटला तरी उद्यापासून ते जाडं पुस्तक होतंच. बारा देशांची मांसं आणि प्रत्येकाचा वास वेगळा. कधीतरी कुणाच्या लेकराच्या ताटात खराब तुकडा जाणार, आणि तो वाढणारा आपण असणार. त्याला स्वतःचीच लाज वाटली. रोज असं मरण्यापेक्षा नोकरी गेलेली बरी.

"शेठ, तुम्हीच हुंगा," तो म्हणाला. "मला वास येत नाही. करोनापासून येत नाही."

शेठचा हात तसाच लांब राहिला. प्रीतमने ॲप्रनची गाठ सोडली, तो काढून घडी केली आणि टेबलावर ठेवला. आता आरडाओरडा होईल, मग हिशेब करून घरी पाठवतील, असं तो धरूनच चालला होता.

शेठ ओरडले नाहीत. त्यांनी डबा नाकाजवळ नेला नाही. तसाच कचऱ्याच्या पिंपात उपडा केला आणि ते मटकन खुर्चीत बसले. मग जाडं पुस्तक बाजूला सारून त्यांनी चोपडं उघडलं.

"पण शेठ, हुंगलं तर असतंत एकदा. चांगलं असेल कदाचित."

"मना काय इचारतोस?" शेठनी वर न बघता पान उलटलं. "माझा वास त्याच लाटेत गेला. पाच वर्षं मी ह्ये हॉटेल तुझ्या नाकावर चालवतोय."