विचारायचं राहिलं

पडद्यावर हणमंतच्या मेंदूतले तंतू रंगीत दोऱ्यांसारखे दिसत होते. त्यांच्यातून पाणी कुठल्या दिशेने झिरपतं ते टिपून यंत्राने चित्र काढलं होतं. त्यात वाचेची आणि हातांची, अशा दोन जुड्या पार विरल्या होत्या.

"यातली एकच पुन्हा वाढवता येईल," डॉक्टर बेळंके म्हणाल्या. "दोन्हींचा ताण मेंदूला सोसणार नाही. त्यांना विचारू या का? मान हलवून सांगतील ते."

हणमंत बाहेर चाकाच्या खुर्चीत बसला होता. मिरजेत तंबोरे घडवण्यात त्याची हयात गेली होती. पण त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकून त्याच्या बायकोला, शैलाला, वर्ष उलटलं होतं.

"नको, त्यांच्या जिवाला घोर कशाला?" ती म्हणाली. "वाचा द्या."

दिवाळीपर्यंत हणमंत चांगला बोलू लागला. हात मात्र मांडीवर निपचित पडून असत. पुढच्या तपासणीला बेळंकेबाईंनी त्याला आधीचं आणि आताचं, अशी दोन्ही चित्रं दाखवली आणि सहज सगळं सांगून टाकलं.

परतताना रिक्षात तो मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होता.

"मला विचारायचंस ना, शैला."

तिचे डोळे भरून आले. "तुमचा आवाज ऐकायचा होता हो मला."

हणमंतने तिच्याकडे पाहिलं. "रडू नको. विचारलं असतंस तरी मी वाचाच मागितली असती."

तो खोटं बोलत होता. आवाजावरून तिला ते लगेच कळलं.