लाल कोपऱ्याचा चौरस

शोधनिबंध पाठवायला तयार होता आणि पडद्यावर वझे सरांचं नाव पहिलं होतं, शाल्मली आडकेचं दुसरं. समूहसिद्धांतातलं ते प्रमेय शाल्मलीने एकटीने सिद्ध केलं होतं. शिवाय गणितात नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने लावायचा रिवाज.

"अगं, नावांच्या क्रमाने काय फरक पडतो?" सर चहाचा घोट घेत म्हणाले.

शाल्मलीच्या अंगाचा तिळपापड झाला. सर दरवर्षी पहिल्या तासाला दाखवायचे तो पुठ्ठ्याचा चौरस टेबलावरच होता. त्याचा एक कोपरा दोन्ही बाजूंनी लाल होता. तो वर डावीकडे धरून तिने चौरस आधी उजवीकडे पाव फेरा फिरवला, मग पानासारखा पालटला. लाल कोपरा वरच राहिला. पुन्हा तसाच धरून आधी पालटला, मग फिरवला. लाल कोपरा खाली गेला.

"क्रम बदलला की उत्तर बदलतं. तुम्हीच शिकवलंत, सर."

"ते चौरसाचं झालं. माणसांत एवढं ताणू नये."

"बरं. फरक पडत नसेल, तर माझं नाव आधी टाका."

सरांचा हात माउसवरच थांबला.

"म्हणजे पडतो," ती म्हणाली.