काचेवरचा फोटो

मुलांनो, डोळ्यांसमोर एक दिवाणखाना आणा. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक तक्ता आहे: 'सेप्सिस कसा ओळखाल?' घरातल्या दहा वर्षांच्या मुलीने तो शाळेसाठी केला. वर जंतुसंसर्गातून जिवावर बेतणाऱ्या या आजाराची लक्षणं, तळाशी रुग्णवाहिकेचा नंबर. त्याला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा बाबांनी बक्षीस देणाऱ्या साहेबांशेजारचा आपला हसरा फोटो नेमका त्या नंबरावर, काचेवरच चिकटवला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तक्ता मिरवून दाखवत. वाचला मात्र एकदाही नाही.

त्या दुपारी आजीच्या पायाची जखम चिघळलेली होती. ती थंडीने कुडकुडत होती, धापा टाकत होती आणि नातीलाच "ताई" म्हणत होती.

"बाबा, हा सेप्सिस असेल! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं!"

"एक तक्ता काय केलास, लगेच डॉक्टरीणबाई!" बाबा फिस्सकन हसले. "म्हातारपणी असं व्हायचंच. पाहुणे येतायत, आधी ती काच पूस."



मुलीने स्टुलावर चढून काच पुसली. बाबांचा हसरा फोटो नखांनी खरवडून काढला आणि त्याखालचा नंबर फिरवला.