मऊ काठी, ताठ काठी

हे लिहायचं नाही असंच ठरत आलं होतं. मासे पकडायच्या काठ्यांवर काय लिहायचं, तेही खराडीत, जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं. पण जे झालं ते काठ्या वगळून सांगताच येत नाही.

रविवारची सकाळ. समाधान सोसायटीच्या गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. समोर सोलर पॅनेलला टेकवून दोन काठ्या उभ्या. ऑनलाइन दोन्ही मागवलेल्या. एक ठेवायची, एक परत. पिकअपवाला आज येणार होता.

त्याचा मित्र धम्मदीप याने आल्या आल्या समाधानच्या बायकोकडून, चैतालीकडून, स्वयंपाकघरातला वजनकाटा मागून घेतला. एका काठीवर चार लिहिलंय, दुसरीवर सहा, म्हणजे चारवाली हलकी, असा त्याचा सरळ हिशोब. दोन्ही तोलल्या तर सहावालीच हलकी भरली. तो काटा उलटा करून बघायला लागला तेव्हा समाधानला हसता हसता ठसका लागला. मग त्याने सांगितलं की तो नंबर काठीचा नसतो, दोरीचा असतो. या मासेमारीत गळाला पिसांची खोटी माशी बांधतात. तिला वजनच नाही, म्हणून फेकायची ती दोरी. काठीचं काम फक्त वाकायचं आणि सरळ व्हायचं.

चारवाली फायबर ग्लासची, मऊ, पार मुठीपर्यंत वाकणारी. सहावाली कार्बनची, ताठ.

समाधान हे सगळं कंपनीच्या कामासाठी परदेशात, ऑनसाइटला असताना शिकला होता. ऑक्टोबरमध्ये दोघांनी हिमाचलला जायचं, ट्राउट मासा पकडायचा, मोबाईलवर फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असं ठरलं होतं. त्यानंतर त्याच्या उजव्या हातातलं बळ जायला लागलं. आधी ऑफिसातला माउस डावीकडे गेला, मग शर्टाची बटणं चैतालीकडे गेली. नसांचा आजार आहे आणि तो थांबत नाही, एवढंच डॉक्टर नीट सांगत होते.

धम्मदीप दोन्ही काठ्या आळीपाळीने चालवून बघत होता. गळाऐवजी लाल लोकर, नदीऐवजी बादली. समाधानने त्याला एक युक्ती दिली होती. दोरी मागे टाकताना साधु, ती मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं तो साधु, आणि पुढे टाकताना साधु. बुद्धविहारात वंदनेच्या शेवटी म्हणतात तसे तीन, त्याच चालीत. धम्मदीप मधला साधु दर वेळी खायचा.

"तुझ्या आईसमोर असा खाल्लास तर पाठीत बसेल," समाधान म्हणाला.

ताठ काठीने लोकर बादलीच्या आसपास तरी पडत होती. मऊ काठीने ती एकदा टाकीवर गेली, एकदा डिशवर आणि एकदा वाळत घातलेल्या कुणाच्या तरी गाऊनला अडकली. तरी तुला कुठली बरी वाटते असं समाधानने विचारलं की धम्मदीप म्हणायचा, मऊ. झटका बसत नाही, मनगटाला त्रास नाही. हे सांगताना तो बघायचा मात्र बादलीकडे.

"दे इकडे."

समाधान उठला. धम्मदीपने मऊ काठी त्याच्या हातात दिली आणि त्याची बोटं एकेक करून मुठीवर बसवली. काठी मागे गेली. पुढे आलीच नाही. दोरी समाधानच्याच खांद्यावर गोळा झाली, बोटं उघडली आणि काठी कोब्यावर पडली.

दोघं तिच्याकडे बघत राहिले.

"मोठा होता रे," समाधान म्हणाला. "सुटला."

धम्मदीप हसायला गेला, जमलं नाही. समाधानच्या खांद्यावरची दोरी सोडवत राहिला. दोरीला गाठ नव्हतीच, तरी त्याला बराच वेळ लागला.

तेवढ्यात चैताली वर आली. पिकअपवाला गेटवर थांबलाय, वॉचमन त्याला आत सोडत नाही, कुठली द्यायची ते पटकन सांगा म्हणाली. मग तिला खाली पडलेली काठी दिसली.

"भाऊजी, ती ताठवालीच देऊन टाकू," ती धम्मदीपला हळूच म्हणाली. तिचं आणि धम्मदीपचं आधीच बोलणं झालेलं दिसत होतं.

"मऊवाली दे," समाधान म्हणाला.

"अरे, ती तुझ्या हाताला—" धम्मदीप म्हणाला.

"माझ्या हाताला चहाचा कप जड होतो. सकाळपासून विचारतोय तुला कुठली बरी, तर तू माझ्याच मनगटाचं सांगत बसलायस."

चैतालीने मऊ काठी उचलली, सांधे सोडवले, तुकडे पिशवीत घातले, नाडी बांधली आणि ती खाली गेली. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज मध्येच थांबला. बऱ्याच वेळाने परत सुरू झाला.

मग धम्मदीप भराभर बोलायला लागला. चंदीगडपर्यंत विमान, पुढे गाडी, ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवू, नदीच्या काठाला खुर्ची टाकू, ही नाही, हात टेकवता येतील अशी चांगली घेऊ. समाधानने सगळं ऐकून घेतलं.

"आणि मी नसलो तर?"

"असं काय बोलतोस. जाऊ रे आपण."

"'जाऊ' नाही," समाधान म्हणाला. "'जाईन' म्हण."

खाली गेटचा आवाज झाला. पिकअपवाल्याची गाडी सुरू झाली आणि लांब गेली. धम्मदीपच्या तोंडात पुन्हा 'जाऊ'च आलं होतं. ते त्याने गिळलं. समाधान वाट बघत होता.

"जाईन," धम्मदीप म्हणाला.