भिंतीकडचं स्टूल

"ताई, जरा मागे होता का? वहीवर सावली पडतेय," सूनबाई म्हणाली, आणि थोरली आपल्याच माहेरच्या व्हरांड्यात मागे सरकली.

बोलण्यात वावगं काही नव्हतं. तरी तिला ते झोंबलं. संध्याकाळी आल्यापासून सगळंच झोंबत होतं.

भिंतीवर दिवा, दिव्याखाली ताणून बांधलेली पांढरी चादर, चादरीवर उजेडाला भुलून आलेले पतंग. समोर खुर्चीत बाबा. जन्मभर त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आता बोटं थरथरतात, पेन धरवत नाही, पण डोळ्याला भिंग लावलं की पतंगाच्या मिशासुद्धा मोजतील. त्यांच्या शेजारी सूनबाई, मांडीवर वही.

या घरात पतंगांना पुस्तकातली नावं नव्हती. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने नाव ठेवायचं. अंगभर पीठ सांडल्यासारख्या, जाडजूड त्या 'शेजारच्या काकू'. चादरीच्या प्रत्येक घडीत डोकावून जाणारा तो 'पोस्टमन'. दोन्ही नावं थोरलीने ठेवलेली, सात-आठ वर्षांची असताना. तेव्हा वही आईकडे असायची आणि थोरलीकडे पतंग खाणारी पाल हाकलायचं काम. भिंतीकडच्या स्टुलावर बसायचं, पाल चादरीच्या कडेला आली की दोन टाळ्या वाजवायच्या. "मला लिहू द्या ना," ती रोज हट्ट धरायची. "मोठी झालीस की," बाबा म्हणायचे. ती मोठी झाली, सासरी गेली. मग आई गेली, आणि वही आयतीच सूनबाईच्या मांडीवर येऊन बसली.

स्टूल आजही तिथंच मांडलेलं होतं. पाहुणीसाठी काढलं असेल, असं मनाशी म्हणत थोरली त्यावर टेकली.

"बाबा, काकू आल्या," सूनबाई म्हणाली.

"वेळेवर आल्या. लिही."

माझ्या काकू, थोरलीच्या मनात आलं. आणि ही हाक अशी मारतेय, जशा काही हिच्याच माहेरच्या. तिने मान उंचावून वहीत पाहिलं. अक्षर सुबक होतं. मेलं अक्षर तरी वाईट असावं!

"बाबा! खाली, डाव्या कोपऱ्यात!" सूनबाई एकदम कुजबुजली. "काळपट आहे. पंखावर गोल पांढरा ठिपका."

बाबा पुढे वाकले. भिंगातून त्याला निरखत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं बसतोय इथं. हा कधी आला नव्हता. पायगुण गं तुझा, सूनबाई! ठेव, नाव ठेव."

"कोटाचं बटण?"

बाबा खो खो हसले. काकूंचं नाव पहिल्यांदा ऐकून असेच हसले होते. ते हसू आपल्या एकटीचं आहे, असं थोरली इतकी वर्षं धरून चालली होती.

बाबांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतलं. सूनबाई मान खाली घालून लिहू लागली. तेवढ्यात थोरलीला पाल दिसली. भिंतीवरून ती चादरीच्या कडेवर आली, थांबली, पुन्हा दोन बोटं पुढे सरकली. थोरलीचे हात आपोआप मांडीवरून उचलले गेले.

मग तिने ते पुन्हा मांडीवर ठेवले. येऊ दे, तिला वाटलं. फक्त आज एकदा येऊ दे.

चादर जराशी हलली.

बाबांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. डावा कोपरा पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. "कुठे गेला?"

"पाल, बाबा," सूनबाई हळूच म्हणाली. तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं होतं. मग ती थोरलीकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती हळहळ होती. "एरवी बाबा काठी घेऊन बसतात हो, ताई. पाल दिसली की भिंतीवर टकटक करतात. आज काठी घेतलीच नाही. तुमचं स्टूल मात्र दुपारीच मांडायला लावलं. म्हणाले, आज राखणदार घरी येतेय, आज मी निवांत बघणार."

थोरलीला वर बघवेना.

"असू दे, असू दे," बाबा म्हणाले. "एवढा प्रवास करून आलीय पोर. बसल्या बसल्या डोळा लागला असेल. लागला ना गं?"

चादरीच्या वरच्या कडेला पाल थांबली होती. तिच्या तोंडाबाहेर तो पांढरा ठिपका अजून दिसत होता.

"हो बाबा," थोरली म्हणाली. "लागला डोळा."