पडद्याआडचा शिक्का

कपाशीवर लाल्या रोग आला त्या साली दारूनं नवरा गेला, तेव्हापासून पंचफुलाबाईच्या रागाला सगळं गाव वचकून होतं. दारूदुकानाविरुद्ध तालुक्याच्या गावी, तिवस्याला मोर्चा तिनंच नेला. आज बायांचं मतदान होतं: दुकान बंद हवं तर आडव्या बाटलीवर शिक्का, चालू हवं तर उभ्या. पडद्याआड तिचा हात उभ्या बाटलीवर थांबला. गुडघेदुखीवर औषध म्हणून झाकणभर घेतलेली दारू साठीत रोज पेलाभर झाली होती. दुकान बंद झाल्यावर ती कुठून आणायची, हेच आधी मनात आलं. नवऱ्याला हासडलेल्या शिव्या स्वतःला देत तिनं आडव्या बाटलीवर शिक्का आपटला. बाहेर येताच सुनेवर खेकसली, "गव्हाच्या कोठीत माही बाटली हाय. जा, ओतून टाक." "मले मालूम हाय, आत्याबाई." "मंग इतके दिवस बोलली काहून नाही?" सून म्हणाली, "तुमच्या रागाले भेत होती मी."