दसऱ्याची गाठ

गाडीचा पुढचा बंपर खडखडायला लागला, तेव्हा दिगंबररावांनी नव्या क्लिपा आणल्या आणि ते पार्किंगमध्येच फतकल मारून बसले. आत पाहतात तर जुन्या क्लिपा केव्हाच तुटलेल्या. बंपर तगला होता तो एका नाडीवर!

गेल्या दसऱ्याला झेंडूचा हार बांधताना बायकोने, शैलाने, ती नाडी जाळीतून आतल्या दांडीभोवती ओवून गाठीवर गाठ मारली होती. फुलं वाळून झडली. पौषात शैलाही गेली.

नाडी सोडल्याशिवाय नवी क्लिप बसेना. ते नखांनी गाठ उकलत राहिले. लेकीने कात्री पुढे केली. "बाबा, कापूया का?"

त्यांना ऐकूच गेलं नाही. "किती घट्ट बांधतेस गं," ते गाठीवर डाफरले, "सोडायची कुणी मग?"

लेकीने कात्री मागे घेतली.